'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' की 'मीटिंग'?

प्रश्न: 'टू'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते असे शिकलो असताना, ईमेलच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' असे का लिहितात?

उत्तर १: येथील 'टू' हे 'वॉन्ट टू गो'मधल्यासारखे क्रियापदाचे चिन्ह नसून शब्दयोगी अव्ययासारखे आहे, म्हणून त्यापुढे नाम किंवा आयएनजी लागलेले रूपच येते. शंका आल्यास 'टू'नंतर 'इट' ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे वाक्य बिनचूक आहे, म्हणजेच ती जागा नामाची आहे.

उत्तर २: 'आय ॲम यूज्ड टू वेटिंग' (मला वाट पाहण्याची सवय आहे) यालाही हाच नियम लागू होतो. 'आय यूज्ड टू वेट' (मी पूर्वी वाट पाहत असे) मात्र निराळे, तेथे मूळ रूपच येते, आणि खरी गफलत तेथेच होते.

उत्तर ३: औपचारिक पत्रात 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड'पेक्षा 'आय लुक फॉरवर्ड' अधिक शोभते.