मदत हवी आहे: उन्हाळ्यात कॅनॉलच्या कडेने लांब पळायला कुठला पट्टा बरा? (वडोदरा)

नमस्कार मंडळी,

मी दांडिया बाजारात राहतो. रोजचं पळणं कमाटी बागेत होतं. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये केलेली ही बाग म्हणजे आपलं भाग्यच, इतकी गर्द सावली शहरात दुसरीकडे नाही. पण रविवारी दोन-अडीच तास सलग पळायचं तर तिथे गोल गोल फिरून जीव कंटाळतो. मोकळं शिवार हवं.

म्हणून छाणीकडच्या नर्मदा मुख्य कालव्याचा विचार आहे. 458 किलोमीटरचा कालवा, वाट सपाट, पहाटे पाण्यावरून येणारा वारा सुखाचा. धास्ती दोनच गोष्टींची. भटकी कुत्री मागे लागली तर बाजूला सरकायला जागा असते का? कालव्याचा काँक्रीटचा उतार शेवाळाने निसरडा असतो. पाय घसरला तर पट्टीचा पोहणाराही सहज वर येऊ शकत नाही. आणि दुसरं म्हणजे सावली. मे महिन्यात सहाला उजाडतं, आठला ऊन चटके देतं.

तिथे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगा: पाण्यापासून लांब, कडुलिंब-बाभळीची सावली असलेला पट्टा कुठला? तिथे सर्वांना जाऊ देतात का? वाटेत प्यायचं पाणी मिळतं, की सगळं पाठीवर न्यायचं? सिंधरोटकडचा महीकाठचा रस्ता याहून बरा आहे का?

बायकोही चालायला येणार आहे, त्यामुळे पहाटे थोडी वर्दळ असलेली जागाच सुचवा. रविवारी कुणी निघत असाल तर आम्हालाही सोबत घ्या.