पिकअप डावीकडं बसलीय, शॉकअप बदलून पण तशीच. काय बघूया?

उचगावची_पिकअप:
नमस्कार मंडळी. माझी पिकअप आहे, २०१६ ची, केए २२ (बेळगाव) पासिंग, पुढंमागं पाटेच, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. एरवी भाजी, सीझनला रताळी. एकतर मार्केट यार्ड, नाहीतर जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरून म्हापसा. पावसाळा झाल्यापास्नं गाडी डावीकडं बसूलालीय. मोकळी असताना मागनं बघितलं तर पाळणा (माल भरायचा मागचा भाग) सरळ सरळ कललेला दिसतोय. लोड भरला की अजून जास्त, घाटात उजव्या वळणाला भ्या वाटतं.

एका मेस्त्रीनं मागचे दोन्ही शॉकअप बदलायला लावले. बदलले. गाडी होती तशीच. दुसरा म्हणतोय चासी (गाडीचा खालचा सांगाडा) वाकलीय, सरळ करायला आठ दिवस गाडी सोडा. खरं गाडी कुठं ठोकलेली नाही, पहिल्यापास्नं माझ्याच हातात आहे. आठ दिवस गाडी थांबवली तर भाजी कोण नेणार? आधी घरी काय बघता येईल ते सांगा.

खानापूर_लाइन:
हवा बघितलीस काय भावा? आणि मागं दोन्हीकडं एकाच साइजचे टायर आहेत न्हवं? माझ्या गाडीला एक टायर रिमोल्ड (जुन्यावर नवीन रबर चढवलेला) होता, तेवढ्यानंच गाडी तिरकी दिसायची.

उचगावची_पिकअप:
हवा सारखी आहे. टायर डावं-उजवं बदलून पण बघितलं. कल डावीकडंच.

निपाणीकर_७७:
एवढा विचार कशाला? डावीकडं एक पाटा जादा घाला, विषय संपला. आमच्याकडं तंबाखूच्या गाड्यांना सर्रास घालतात.

पाटेवाले_मामा:
निपाणीकर, राग मानू नका, पण दुखणं कुठं आहे ते न बघता जादा पाटा घालणं म्हणजे झाकपाक. तंबाखूच्या गाड्यांना घालतात ते दोन्ही बाजूंना, वजन पेलायला. एका बाजूला घातला तर ती बाजू कडक होते, खड्ड्यात गाडी उजवीकडं फेकते, आणि आत मोडलेला पाटा असेल तर तो मोडलेलाच राहतो.

आता उचगावकर, तुम्ही ऐका. शॉकअप गाडी उचलून धरत नाही. वजन धरतात पाटे. पाटा खालीवर व्हायला लागला की त्याला आवरायचं, एवढंच शॉकअपचं काम. शॉकअप मेला तर गाडी डुलेल, उड्या मारेल, पण उभ्या जागी कलणार नाही. ज्यानं कल काढायला शॉकअप बदलायला लावले त्यानं गाडीखाली वाकून बघितलेलं नाही, एवढं मी इथं बसून सांगतो. अलाइनमेंटनं पण कल जात नाही. कुणी पाठवलं तर जाऊ नका.

गाडी मोकळी करून सपाट फरशीवर लावा. रस्त्यावर नको, रस्ता कडेला उतरताच असतो. पहिलं बघायचं म्हणजे चासी कललीय की नुसता पाळणा किंवा केबिन. माउंटिंगची रबरं बसली की वरचं तिरकं दिसतं आणि खाली चासी सरळ असते. मग टेप घ्या आणि मागच्या हाउसिंगपासून (दोन चाकांमधला आडवा ॲक्सल) वर चासीपर्यंत दोन्हीकडं माप घ्या. तसंच पुढं. हे माप घेतलं की टायरचा प्रश्नच उरत नाही.

पुढं पण डावीकडं कमी भरलं तर लगेच पुढचे पाटे खोलायला बसू नका. मागचा एक कोपरा बसला की तो पुढचा पण ओढतो. त्याला युक्ती आहे. पुढच्या चाकांना उटी (अडण) लावा. मागं चासीच्या आडव्या मेंबरच्या बरोबर मधोमध जॅक लावा आणि मागची चाकं जमिनीवर नुसती टेकलेली राहतील इतकं उचला. हाउसिंगखाली जॅक लावू नका, त्यानं काही कळणार नाही. आता मागचे पाटे बाजूला पडले, गाडी पुढच्या पाट्यांवर आणि एका मधल्या टोकावर उभी आहे. पुढचं सरळ झालं तर दोष मागं. तिरकंच राहिलं तर दोष पुढं. माप बाहेरनं घ्यायचं, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कुणी शिरायचं नाही.

चासी वाकली काय ते सगळ्यात शेवटी बघायचं. न ठोकलेली चासी अशी सहज वाकत नाही.

उचगावची_पिकअप:
मामा, सकाळी माप घेतलं. मागं उजवीकडं साडेसहा इंच, डावीकडं पाच. पुढं डावीकडं पाऊण इंच कमी होतं, खरं मागं मधोमध जॅक लावला आणि पुढचं दोन्हीकडं सारखं झालं! चासी पण पाळण्याबरोबर कललेली आहे, म्हणजे रबर नव्हे. पाटे बाहेरनं बघितले, मोडलेला एक पण दिसत नाही. हितं सगळंच तांबडं आहे, कणकुंबीचा चिखल वाळून बसलाय.

पाटेवाले_मामा:
म्हणजे मागचा डावा. शाबास.

चिखल आहे तोवर काही दिसणार नाही. वॉशिंगला नेऊन पाट्यांवर नीट फवारा मारून घ्या आणि दोन-चार दिवस गाडी चालवून परत बघा. धुतल्यावर पण दोन पाट्यांच्या फटीतनं बारीक तांबूस पूड गळत असेल तर तो चिखल नव्हे, लोखंड लोखंडावर घासतंय. आणि बाजूनं नजर लावून बघा, एखाद्या पाट्याचं टोक बाकीच्यांपेक्षा बाहेर सरकलंय काय. पाटा बहुतेक सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकातच मोडतो, आणि तिथं वरनं पाटे हाउसिंगला धरणारे यू-बोल्ट आणि प्लेट आवळलेली असते. मोडलेला पाटा दोन तुकड्यांत तिथंच गप पडून राहतो, बाहेरनं सगळं शाबूत दिसतं.

शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी, ती पण हलवून बघा. चिखल आणि गंजानं शॅकल जाम झालं की पाट्याला लांब व्हायला जागा मिळत नाही, मग ती बाजू वेगळ्याच उंचीला अडकते.

खानापूर_लाइन:
मामा, सेंटर बोल्टच मोडला असेल तर?

पाटेवाले_मामा:
तर हाउसिंग सरकतं. गाडी कुत्र्यासारखी तिरकी पळते, मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत. मातीच्या रस्त्यावर सरळ चालवा आणि चाकोरी बघा, कळतं. तसं असेल तर घाट बंद, आधी काम.

उचगावची_पिकअप:
मंडळी, काम झालं. धुतल्यावर तिसऱ्या पाट्याखालनं पूड गळूलालती. ऑटोनगरात एकाकडं खोलायला लावलं, मी शेजारीच उभा होतो. यू-बोल्ट सोडल्याबरोबर तिसरा पाटा दोन तुकडे होऊन हातात आला, बरोबर भोकात मोडलेला. अर्धी मोड जुनी, काळी पडलेली. अर्धी ताजी, चकचकीत. चासी सरळ करायला गाडी सोडली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

तो म्हणतोय डावीकडं नवीन पाटा घालतो आणि बाकीच्यांना तापवून कमान चढवतो. करूया काय?

पाटेवाले_मामा:
तापवून नको. पाट्याचं पाणी, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, उतरतं, आज कमान छान दिसते आणि दोन-तीन महिन्यांत परत बसतो. थंड ठोकून चढवणारा कारागीर असेल तर चालेल. उजवीकडचा संच पण खोला, दोन्ही संच फरशीवर शेजारी उपडे ठेवा आणि कमानीची उंची मोजा. दोन्ही सारखे करूनच चढवा. नाहीतर डावीकडं नवा, उजवीकडं थकलेला, आणि गाडी आता उजवीकडं कलली म्हणून इथंच परत याल.

यू-बोल्ट नवीन घाला, जुने ताणलेले असतात. शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना फायनल आवळू देऊ नका. गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळून बसतात. पहिला लोड नेऊन आला की यू-बोल्ट परत एकदा आवळून घ्या. हे निम्मे लोक करत नाहीत, आणि सैल यू-बोल्टमुळंच पाटा भोकात मोडतो.

उचगावची_पिकअप:
दोन्हीकडचे खोलले. उजवीकडचा पण बसलेलाच होता, म्हणून दोन्ही संच नवीनच घातले. आता मागं दोन्हीकडं सात इंच. काल रताळी भरून यार्डात गेलो, गाडी सरळ. आज यू-बोल्ट आवळले, डावीकडचे दोन जवळजवळ पाऊण फेरा फिरले. मामा, यार्डाकडं आलात तर हाक मारा, चहा माझ्याकडनं.

टिळकवाडी_कार:
ह्याच धाग्यात विचारतो. माझी छोटी कार पुढं डावीकडं बसलीय, हळू वळवताना टणकन आवाज येतो. कारला तर पाटे नसतात.

पाटेवाले_मामा:
कॉइल स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटला असणार. तो खालच्या वाटीत बसलेला असतो म्हणून पटकन दिसत नाही. बॅटरी मारून वेढ्याचं टोक बघा, कापल्यासारखं टोकदार दिसलं तर तोच. तुटकं टोक टायरला लागून टायर फाटू शकतो, तेव्हा लांब जाऊ नका. बदलताना पुढच्या दोन्ही एकदम बदला. आणि ज्याच्याकडं स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर नाही, दोरीनं बांधून करतो म्हणतोय, त्याच्या दारात गाडी उभी करू नका.