मियाटा घरी उघडायची की गॅरेजला द्यायची?

वाफाळता_रेडिएटर (एडिसन, न्यू जर्सी):
काल मियाटाबद्दल, म्हणजे माझदाच्या दोन सीटच्या उघडत्या छताच्या गाडीबद्दल, 'हिशेबी' यांनी लिहिलं: "जुनी मियाटा घरी दुरुस्त करणं म्हणजे शिकलेल्या माणसाने सुट्टी वाया घालवणं. आपल्या तासाचा पगार धरा, मेकॅनिक स्वस्तच पडतो. आणि हात काळे करायचेच तर थेट ताकद वाढवणारा टर्बो बसवा, ११६ हॉर्सपॉवरमध्ये काय ठेवलंय?"

वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

पहिली गोष्ट, शनिवारी तुम्हाला पगार कोण देतं? तो तास तसाही टीव्हीसमोरच जाणार असतो. दुसरी गोष्ट, १९८९ ची ही गाडी हजार किलोच्या आत आहे, इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलंय, दोन्ही बाजूंनी हात आत जातो. आजच्या किती गाड्यांत जातो?

माझ्या गाडीखाली तेल दिसलं. एका गॅरेजवाल्याने रिअर मेन सील (इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं) गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा खर्च सांगितला. मी घरी टॉर्च घेऊन सिलिंडर हेडच्या मागे पाहिलं. तिथल्या कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग (रबरी कडी) प्लास्टिकसारखी कडक झाली होती, तेल तिथून बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावर, उतरत होतं. सेन्सर कुठे बसलाय त्याची खूण केली (नाहीतर ठिणगीचं टायमिंग सरकतं), १२ च्या पान्याने एक बोल्ट सोडला, काही डॉलरची रिंग बदलली. गळती बंद. फसवलंच असतं मला.

आणि टर्बो? सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, आखूड आहे. पुलीचा बोल्ट सैल झाला की पुली जागेवर धरणाऱ्या चावीचा खाचा झिजून जातो आणि क्रँक बाद. पुलीला चार खाचे असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. हे न बघता टर्बो लावा म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या गाडीला सल्ला देऊ नये. आधी ६०,००० मैलांना बदलायचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा), त्याच वेळी वॉटर पंप, सगळे होज, रेडिएटर. वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती आज ना उद्या फुटणारच. हे सगळं झालं की मग बाकीचं.

हिशेबी (शिकागो):
टायमिंग बेल्टची भीती कशाला घालता? १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाही. टो करून आणा आणि नवा टाका.

सुरक्षेचा मुख्य मुद्दा तुम्ही टाळलात. माझ्या मावसभावाने घराच्या उतारावर गाडी उचलली. जॅक सिलच्या (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या) कडेला लावला, पत्रा दुमडला, गाडी घसरली. तो हात काढून घेत होता म्हणून बोटं वाचली. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी जॅक काढत नाही. तुम्ही लोक ब्रेकसुद्धा घरी करता आणि मग शेजारच्या सीटवर मुलीला बसवता. ओ-रिंगच्या गप्पा ठीक आहेत, पण ब्रेक हा खेळ नाही.

बे_एरिया_बंड्या:
हिशेबीसाहेब, तुमचा टर्बो कॅलिफोर्नियात बसवून दाखवा. दर दोन वर्षांनी स्मॉग टेस्ट, बोनेट उघडून डोळ्यांनीही तपासतात. टर्बोच्या किटला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) मंजुरी क्रमांक नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, नापास. मी आधीच्या मालकाने टर्बो लावलेली गाडी घेतली आणि सगळं उतरवून मूळचं परत बसवत बसलो. शिवाय हे इंजिन मूळचं आडवं बसवायच्या माझदा गाड्यांमधलं. इथे उभं केलं आणि थंड करणारं पाणी पुढूनच आत, पुढूनच बाहेर. चार नंबर सिलिंडरला सगळ्यात कमी थंडावा मिळतो. टर्बोने उष्णता वाढवली की पहिला तोच जातो.

वाफाळता_रेडिएटर:
@हिशेबी, उतारावर जॅक लावणं आणि स्टँड न देणं ही तुमच्या भावाची चूक. सपाट जमीन, पुढे क्रॉसमेंबर (इंजिनखालचा आडवा लोखंडी तुळवट), मागे डिफरन्शिअलखाली (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याखाली) जॅक, मग दोन्ही बाजूंना गाडी पेलणारे स्टँड.

ब्रेकचं म्हणाल तर उलटं सांगतो. या गाडीच्या मागच्या कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन क्लॅम्पने दाबायचा नसतो. कॅलिपरच्या पाठीमागचा टोपी-बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीची (षटकोनी किल्लीची) जागा असते, तिने फिरवून पिस्टन मागे घ्यायचा. हे ठाऊक नसलेले गॅरेजवाले जोर लावतात आणि हँडब्रेकची यंत्रणा मोडतात. असे अडाणी मिस्त्री जागोजागी आहेत.

उद्यमनगरची_लेक (कोल्हापूर, सध्या लीड्स):
इतका वेळ नुसती वाचत होते. आता बोलते.

एकजण लिहितो शिकलेल्या माणसाने हात काळे करू नयेत, दुसरा लिहितो मिस्त्री अडाणी. दोघांनाही मिस्त्री माणूस वाटत नाही.

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात फिटर होते. सिलिंडरच्या आतून नख फिरवून वरची धार लागते का ते सांगायचे आणि मगच आतलं माप घ्यायचं बोअर गेज काढायचे. लोक गाडी बघायला बंगल्यावर बोलवायचे. काम झालं की हात धुवायला बागेतला नळ दाखवायचे, घरातलं बेसिन नाही. त्याच लोकांची मुलं आज अमेरिकेत पाना धरतात आणि त्याला छंद म्हणतात.

आणि दादा, तुम्हाला "फसवलंच असतं" कशावरून? बेलहाउसिंगखाली तेल दिसलं की कुठल्याही फिटरचा पहिला संशय रिअर मेन सीलवर जातो. त्याचं चुकलं असेल. चुकणं आणि फसवणं एक नाही.

धायरीकर:
ताई बरोबर बोलल्या. पुण्यात घरी काम करायचं म्हटलं तर सोसायटीचं काय? पार्किंगमध्ये ऑइलचा डाग पडला की चेअरमनची नोटीस. माझ्याकडे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आहे. दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन. कंपनीने दुकान बंद केलं, पार्ट शोधत फिरावं लागतं. एका वयस्कर मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचे होज मापाने जुळवून दिले म्हणून ती आज रस्त्यावर आहे. अपग्रेडचं तर नावच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं. तुम्ही परदेशात बसून टर्बोवर भांडा.

बे_एरिया_बंड्या:
@धायरीकर, इथेही ड्राइव्हवेत गाडी स्टँडवर दिसली की एचओएचं, म्हणजे इथल्या सोसायटीचं, पत्र येतं. चेअरमन सगळीकडे आहेत.

हिशेबी:
@उद्यमनगरची_लेक, मिस्त्रींना मी कुठे कमी लेखलं? मी तर म्हणतोय काम त्यांनाच द्या, पैसे द्या. कमी लेखतात ते हे घरी करणारे, ज्यांना वाटतं व्हिडिओ पाहिला की झालो फिटर.

उद्यमनगरची_लेक:
"शिकलेल्या माणसाने" हे शब्द तुमचेच आहेत. वर जाऊन वाचा. काम द्या म्हणताना ते आपल्या योग्यतेचं नाही म्हणून द्यायचं, हे मला ऐकू येतं.

वाफाळता_रेडिएटर:
ताई, "अडाणी" शब्द मागे घेतो. पण एक सांगतो, त्या गॅरेजवाल्याने वर हात घालून पाहिलं असतं तर त्याला पाच मिनिटांत कळलं असतं. पाहिलं नाही, आणि सांगितला मोठाच खर्च. फसवणूक नसेल, पण कामचुकारपणा होताच.

उद्यमनगरची_लेक:
कामचुकारपणा म्हणा, चालेल. आता माझं मत. गाडी घरी करा, मी स्वतः करते. लीड्सच्या पावसात या गाड्या आतून कुजतात. छताचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून मागच्या चाकापुढे सिलखाली बाहेर पडतं. नळी तुंबली की पाणी सिलमध्येच साठतं. बाहेरून रंग झकास, आत पत्र्याचा भुगा. दर पानगळीला जाड नायलॉनची दोरी घालून नळ्या मोकळ्या करायच्या. फुकटचं काम आहे. कॉइलओव्हर (गाडी खाली बसवणारं सस्पेन्शन) आणि १५ इंची रिम घालून मिरवणाऱ्या किती जणांनी ते केलंय? वडील म्हणायचे, गाडीला पाणी लागतं कुठे ते आधी बघ.

हिशेबी:
नळीचं पटलं. आज संध्याकाळीच बघतो. ओ-रिंगही कदाचित करेन. ब्रेक मात्र गॅरेजलाच, यावर मी हटणार नाही.

वाफाळता_रेडिएटर:
मग गॅरेजवाल्याला आधी विचारा, मागचा पिस्टन कसा मागे घेणार? ॲलन की म्हणाला तरच किल्ली द्या. गाडी परत आली की जागेवरच पेडल दाबून बघा. मऊ लागलं तर गेटबाहेर काढू नका. चाकाचे नट ९० ते ११८ न्यूटन-मीटरमध्ये आवळलेत का ते स्वतःच्या टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासा. रेंच नसेल तर टर्बोच्या पैशातून पहिला तो घ्या.