मूळ गाव धरणात गेलंय, आजीला ते दाखवायला न्यावं का?

भीमथडीची_नात

नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी, उजनीत गेलेलं. धरण १९८० ला पूर्ण झालं पण आमची माणसं त्याच्या दोनतीन वर्षं आधीच उठली, नवीन गावठाणात प्लॉट मिळाला, मग आजोबा कामाला पुण्यात आले ते आलेच, माझा जन्म हडपसरचा. आता चुलतभावाचं लग्न ठरलंय आणि पत्रिकेत मूळ गाव काय छापायचं यावरून घरात विषय निघाला. नवीन गावठाणाचं नाव तेच आहे म्हणजे कागदावर काही अडचण नाही, पण आजी एकदम म्हणाली, "ते न्हवं आमचं गाव. ते माळावरचं हाय, आमचं नदीचं व्हतं."

तेव्हापासून तिचं एकच चाललंय, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मला एकदा ने. ती ८२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात पण चालते. मला भीती वाटते की तिकडं नुसता चिखल बघून तिच्या मनात आहे ते गाव पण मोडेल. कोणी आपल्या म्हाताऱ्या माणसांना नेलंय का? आणि मी ते गाव जन्मात बघितलेलं नाही, तरी सोलापूर हायवेला भिगवणच्या पुढं डाव्या हाताला पाणी दिसायला लागलं की माझ्या पोटात कालवतं. एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर फ्लेमिंगो बघायला बोटीत बसले होते, सगळे फोटो काढत होते आणि माझं लक्ष सारखं खाली, की इथंच कुठंतरी आपलं अंगण असेल.

काठावरचा

ताई, न्या. मी वडलांना नेलं होतं २०२४ च्या मे मध्ये, त्या वर्षी धरण लई खाली गेलं होतं. तुम्ही पेपरात वाचत असाल उजनी मायनसमध्ये, त्याचा अर्थ ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणात तळाचा जो ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा धरलाय त्याच्याही खाली पाणी गेलं. असं झालं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, आधी शिखर मग सगळं, आणि बाकीच्या गावांची जोती, विहिरींची कडी दिसायला लागतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळं एप्रिलपर्यंत आकडे बघत राहा.

आता वडलांचं सांगतो. गेल्यावर त्यांना पहिल्यांदा काहीच ओळखू येईना, नुसता भेगाळलेला गाळ आणि बाभळीची वाळकी खोडं, मला वाटलं चुकलंच आपलं. मग ते पाठमोरे होऊन पलीकडच्या काठावरचं टेकाड बघत उभे राहिले, दोन पावलं डावीकडं सरकले, परत बघितलं, आणि म्हणाले आपल्या दारातनं हे असंच दिसायचं. तिथून मग सरळ चालत गेले आणि जोतं सापडलं. घर गेलं, झाडं गेली पण समोरचं टेकाड कुठं जाणार. तुमच्या आजीला पण आधी लांबचं बघू द्या, पायाखालचं नको.

एक मात्र हात जोडून सांगतो, गाळात उतरवू नका, वरनं वाळलेला दिसतो आणि आत माणूस कमरेपर्यंत जातो. बोटीत बसवायचंच असेल तर सकाळी, लाइफ जॅकेट घालून. त्याच महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले.

शिवसागर

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. आम्ही कोयनेचे, धरणामुळं आमची माणसं खोऱ्यातनं उठून रायगडात आली, आमच्या बाजूची बरीच कुटुंबं ठाण्याला, सोलापूरकडं अशी कुठं कुठं फेकली गेली. माझ्या आजीला आम्ही बामणोलीहून लाँचनं नेलं होतं. पाणी भरलेलं होतं, तिनं बोट करून दाखवलं, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि परत आल्यावर गावाबद्दल बोलायची बंदच झाली. आधी रोज सांगायची, नाचणीचं, देवराईचं, पावसात गुरं कशी आणायचे ते. म्हणून वाटतं, नेण्याआधी सगळं बोलून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. नंतर बोलेल की नाही सांगता येत नाही.

नकाशावाला

दोघांचंही बरोबर आहे, पण त्याआधी एक करा. अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखाला एक या स्केलचे नकाशे काढले होते, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत. त्यात उजनीचं पाणी नाही, भीमा साधी नदी आहे आणि काठाची गावं नावानिशी आहेत. रेल्वेही जुन्या जागी दिसेल, डिकसळच्या ज्या पुलावरनं नंतर रस्त्याच्या मोटारगाड्या जायला लागल्या तो मुळात इंग्रजांचा रेल्वेपूल, धरणामुळं लाइन हलवली. घरांपर्यंतचं हवं असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात जुन्या गावठाणाच्या नकाशाची नक्कल मागा. मोठा प्रिंट काढून आजीपुढं ठेवा.

भीमथडीची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार, शिवसागर ताई तुमचं वाचून रडू आलं. अमेरिकन नकाशा मिळाला, चौकातनं मोठा प्रिंट काढून आणला. आजीला वाचता येत नाही, तिनं फक्त विचारलं नदी कंची. मी निळी रेघ दाखवली. ती म्हणाली एवढीच व्हय, आणि बोट त्या रेघेवरनं सरकवत नेऊन एका वळणावर थांबली. "हितं उतार व्हता. उन्हाळ्यात गुडघ्याएवढं पाणी. हितनं पल्याड गेलं की माझं माहेर." पल्याड म्हणजे करमाळ्याची बाजू. मला आजवर माहितीच नव्हतं की तिचं माहेर पायी जाण्याएवढं जवळ होतं, आम्ही कायम टेंभुर्णीवरनं मोठा वळसा घालून तिकडं जातो. फोन रेकॉर्डिंगला लावलाय, ती अजून बोलतेय, मी नंतर लिहिते.