सल्ला हवा: लहान मुलांच्या कॅन्सरवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

रानफूल
नमस्कार. यंदा बारावी सायन्स, लातूरजवळचं गाव, नीटची तयारी चालू आहे. माझा मामेभाऊ सहा वर्षांचा असताना त्याला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाला. आता तो नववीत आहे, ठणठणीत. त्या वेळी आईबरोबर महिनाभर परळला राहिले होते, तेव्हापासून हेच काम करायचं ठरवलंय. घरात कुणी डॉक्टर नाही. किती वर्षं लागतात? आणि नीटमध्ये मार्क कमी पडले तर संपलंच का सगळं?

पिंपळपान
मी तालुक्याच्या गावी लहान मुलांचा डॉक्टर आहे. हिशोब असा: एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, नीट पीजी देऊन एमडी पेडियाट्रिक्स (बालरोग) ३ वर्षं, मग नीट एसएस ही त्यापुढची परीक्षा देऊन पेडियाट्रिक ऑन्कॉलॉजीचं (मुलांच्या कॅन्सरचं) डीएम, अजून ३. बाँड (सक्तीची सरकारी सेवा) आणि परीक्षांची तयारी धरली तर तिशी ओलांडतेच. डीएम टाटा मेमोरियललाही होतं, पण जागा मोजक्या.

पण आत्तापासून डीएमचा घोर लावून घेऊ नकोस. आधी एमडीत मुलं बघायला शीक. न हटणारा ताप, पांढरंफटक पडलेलं पोर, मार न लागता अंगावर उठलेले निळे डाग, हे बघून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायला लावणारा डॉक्टर गावात असला की मूल मुंबईला वेळेत पोचतं. ते कामसुद्धा कॅन्सरचंच आहे.

एक सांगायचा मोह होतो. १९४७-४८ साली अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि आजार काही काळ का होईना, मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथलं संशोधन आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली चाले.

सोनचाफा
अगं, संपतंय कसलं! मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, महाराष्ट्रात त्याची सीईटी वेगळी असते.

पाठीतून इंजेक्शन देताना पोराला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी धरावी लागते. पहिल्या वेळी त्याला फसवून धरलं, तर पुढची दोन-अडीच वर्षं ते दारातूनच रडत येतं. म्हणून मी आधी बाहुलीवर सगळं दाखवते. काय दुखेल, तेही खरं सांगते.

आणि खरी गळती घरी गेल्यावर लागते. सिक्स-एमपीची (ल्युकेमियावरच्या औषधाची) गोळी एक दिवस आख्खी, एक दिवस अर्धी, महिनोन्‌महिने. पोर खेळायला लागतं, पैसे संपलेले असतात, शेतीची कामं खोळंबलेली, आणि घरचे यायचे थांबतात. आजार उलटून आला की मग पळत येतात. अशा घरी फोन करणारी, भाड्याची सोय बघणारी मेडिकल सोशल वर्कर लागते (सोशल वर्कमध्ये मास्टर्स कर, मुंबईत टिसला, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला होतं). आहारतज्ज्ञ लागते, कडल्स फाउंडेशन तेच काम करतं. राहायची सोय सेंट ज्यूडसारख्या संस्था करतात. माणसं सगळीकडेच कमी आहेत गं.

रानफूल
सोनचाफाताई, मामीनं कालनिर्णयवर अशाच खुणा केल्या होत्या. आख्ख्या गोळीला गोल, अर्धीला अर्धा गोल. ती दोन्ही कॅलेंडरं तिनं अजून ठेवलीयत. नीट देतेच, नर्सिंगच्या सीईटीचाही फॉर्म भरते. बाहुलीवर कसं समजावता, ते सविस्तर लिहाल का?