‘सेक्युलर’ संगीत : लौकिक, ऐहिक की आणखी काही?

गवतीचहा : मध्ययुगीन युरोपीय समूहगायनाच्या एका कार्यक्रमाची पत्रिका मराठीत करते आहे. ‘सेक्रेड’साठी ‘धार्मिक’ चालून गेले. ‘सेक्युलर’पाशी मात्र अडले आहे. ‘धर्मनिरपेक्ष’ लिहिले की राज्यघटना आठवते. ‘लौकिक संगीत’ चालेल का?

बोरूबहाद्दर : वैदिक आणि लौकिक ही जोडी संस्कृत व्याकरणाइतकी जुनी आहे, त्यामुळे शब्द चोख आहे, फक्त आजचा वाचक त्यातून नावलौकिक काढील. ‘ऐहिक’ घ्या.

तळटीप : ‘ऐहिक’ला कीर्तनातल्या निषेधाचा वास येतो. शिवाय मूळ लॅटिन ‘सेक्युलुम’ म्हणजे युग, आणि पुढे चर्चच्या भाषेत मठाबाहेरचे जग. म्हणूनच कोणत्याही संन्यस्त संघात नसलेल्या पाद्र्याला ‘सेक्युलर’ म्हणत, आणि तोही मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करीतच असे. त्याला ‘ऐहिक पाद्री’ म्हणणार का?

जुनीवही : शब्दाआधी वस्तू पाहावी. इंग्लंडातल्या रीडिंगच्या मठाशी जोडल्या जाणाऱ्या तेराव्या शतकातील हस्तलिखितात ‘सुमर इज इकुमेन इन’ हे चौघांनी एकामागून एक उचलायचे गाणे आहे. सुरांखाली काळ्या शाईत उन्हाळा, कोकीळ आणि कोकरामागे बेंबटणारी मेंढी, तर त्याखाली तांबड्या शाईत त्याच सुरांवर ख्रिस्ताच्या बलिदानाचे लॅटिन पद. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसरेच गाणे छापलेले असते, त्यातलाच हा प्रकार. आता हे गाणे कोणत्या रकान्यात घालणार?

बोरूबहाद्दर : म्हणजे लौकिक असतात ते शब्द, सूर नव्हेत, तेव्हा ‘लौकिक पदे’ म्हणा.

जुनीवही : तेराव्या शतकातल्या अनेक फ्रेंच मोटेटांत, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे शब्द गायच्या बहुस्वरी रचनांत, तेही टिकत नाही, कारण तळाशी लॅटिन स्तोत्राचा तुकडा लांबवून धरलेला असतो आणि त्याच वेळी वरचे गायक फ्रेंच प्रेमगीते गात असतात. पोप बाविसाव्या जॉनने 1324-25 च्या आदेशात उपासनेच्या गायनात असली लौकिक गाणी मिसळण्यावरही राग काढला होता.

गवतीचहा : हेच उन्हाळ्याचे गाणे कार्यक्रमात आहे! त्यातल्या बोकडाच्या ‘वर्टेथ’चे काय करू? शब्दकोशात ‘पादतो’ असा अर्थ दिसला.

तळटीप : काही अभ्यासक त्याचा संबंध लॅटिन ‘वर्टेरे’शी, म्हणजे वळण्याशी, लावून बोकडाला गिरक्या घ्यायला लावतात. मला ती सोवळेपणाची व्युत्पत्ती वाटते, कारण बागडण्याचे काम आधीच्या शब्दांत गोऱ्ह्याने उरकलेले आहे.

बोरूबहाद्दर : पत्रिका सहकुटुंब वाचली जाते, ‘गिरक्या घेतो’ हेच छापावे.

तळटीप : तेराव्या शतकातल्या लेखनिकाला जे लिहिताना संकोच वाटला नाही, ते आपण का झाकावे?