चर्चा: कमी पैशातलं मार्केटिंग – रोजची रील की जुन्या गिऱ्हाइकांची वही?

हिशेबनीस (धागा सुरू करणारा)

मार्केटिंगला पैसे नाहीत म्हटलं की एकच सल्ला मिळतो: "रोज रील टाक, फुकट आहे." माझ्या मते यापेक्षा महाग मार्केटिंग दुसरं नाही. रीलला मालकाचे तास लागतात, आणि छोट्या धंद्यात काम करणारा, वसुली करणारा, फोन उचलणारा माणूस एकच असतो. त्याच्या तासांचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून ते फुकट वाटतं.

बरं, ती पोस्ट दिसते किती जणांना? फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये उघड सांगून टाकलं होतं की फीडमध्ये पेजेसच्या पोस्टपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप मिळेल. तरी लोक पेजचे फॉलोअर मोजत बसतात.

माझा क्रम असा. आधी जुन्या गिऱ्हाइकांची वही: नाव, नंबर, काय काम केलं, परत गरज कधी पडेल. मग गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, नीट भरायचं. मग रिव्ह्यू मागायचे. एवढं होत नाही तोवर बूस्ट (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणं), जाहिरात, रील काही नको.

वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्याचं उदाहरण घ्या. फिल्टर बदलला त्याच दिवशी पुढची तारीख वहीत पडली पाहिजे. तारखेच्या आठवडाभर आधी मेसेज जातो: "मागच्या वेळी दोन्ही फिल्टर बदलले होते, आता बघायची वेळ झाली. शनिवारी येऊ की रविवारी?" नुसतं "येऊ का?" विचारलं तर "सांगतो" म्हणून विषय संपतो. वार विचारला की बहुतेक वेळा वारच मिळतो.

शून्यापासून

वही-बिही ठीक आहे, पण ज्याचा धंदा आत्ताच सुरू झालाय त्याने वहीत काय लिहायचं? "जुनी गिऱ्हाइकं जपा" हा जमलेल्या लोकांनी जमलेल्यांना दिलेला सल्ला झाला. नव्या माणसाकडे पैसा नसतो, पण वेळ भरपूर असतो. फोन वाजायची वाट बघत बसण्यापेक्षा व्हिडिओ केला तर काय बिघडलं? तासांचा हिशेब मांडताय तर रिकाम्या तासांचा भावही लावा.

हिशेबनीस

रिकामा वेळ असेल तर त्याच गिऱ्हाइकाकडे आधी पोचणाऱ्या धंदेवाल्याला भेटा. प्लंबरच्या आधी टाइल्सवाला पोचतो, पडदे शिवणाऱ्याच्या आधी रंगारी. असे तीन-चार जण नावाने ओळखू लागले की सुरुवातीची कामं तिथून येतात. तुम्हीही त्यांचं नाव सुचवायचं, नाहीतर दुसऱ्या महिन्यात ते तुम्हाला विसरतात. यात कॅमेरा लागत नाही.

सुईदोरा

मी शिवणकाम करते, आणि या धाग्यात हिशेबनीस रीलवर तुटून पडलेत म्हणून लिहितेय. माझं काम दाखवण्यासारखं आहे. जुना, ढगळ झालेला कोट उसवून, खांदा आत घेऊन परत बसवतानाचा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात. त्यातला कोट बघून "माझ्याकडेही असा पडून आहे" म्हणत बाया येतात. हे वहीने कसं झालं असतं? ज्यांना आपला कोट दुरुस्त होऊ शकतो हेच माहीत नाही, त्या गुगलवर शोधणार तरी काय?

मात्र रोज टाकत नाही. "शुभ सकाळ" आणि "आमच्याकडे सर्व प्रकारची कामे होतील" असली पोस्टर तर कधीच नाहीत.

हिशेबनीस

पटलं, पण अर्धंच. काम डोळ्यांना दिसणारं असेल आणि गिऱ्हाइकाला ते होऊ शकतं हेच ठाऊक नसेल, तर व्हिडिओ चालतो. टॅक्स रिटर्न भरणाऱ्याने मात्र त्याच चालीवर नाचू नये.

सुईदोरा

नाचायला कोण सांगतंय? रिटर्न भरताना लोक हमखास चुकतात ती जागा त्याने दोन मिनिटांत समजावली तरी बास. मिशेलिन या टायरच्या कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी फुकट मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. पेट्रोल कुठे, मुक्कामाची सोय कुठे, टायर कसा बदलायचा. लोक जास्त फिरले की टायर झिजणार, हा त्यांचा हिशेब.

हिशेबनीस

त्यांच्यामागे अख्खा कारखाना उभा होता, हे लिहायचं राहिलं वाटतं.

क्लिकमोज्या

जाहिरातींचं काम करतो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटलं तर चालेल. तुम्ही दोघं पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला उगाच घाबरताय. रील बघणारा टाइमपास करत असतो. "गीझर दुरुस्ती" असं शोधणाऱ्याच्या घरात आत्ता गार पाणी येतंय. त्या क्षणी समोर दिसण्याचे पैसे मोजणं यात उधळपट्टी कसली?

पैसे वाया जातात ते सेटिंगमध्ये. गुगल ॲड्समध्ये ठिकाण निवडलं की मूळ सेटिंग असं असतं की त्या भागात असलेल्यांना तर जाहिरात दिसतेच, पण त्या भागात नुसता रस दाखवलेल्यांनाही दिसते. माणूस दुसऱ्याच शहरात बसलेला असला तरी क्लिकचे पैसे तुमच्या खिशातून जातात. ते बदलून "फक्त तिथे असलेले" असं करायचं. दुसरं, कुठल्या शब्दांवर क्लिक आले त्याचा रिपोर्ट उघडायचा. गीझरवाल्याला "गीझर दुरुस्ती कोर्स", "गीझर टेक्निशियन नोकरी", "घरच्या घरी गीझर कसा दुरुस्त करावा" असे शोध सापडतील. "कोर्स", "नोकरी", "घरच्या घरी" हे शब्द वगळायच्या यादीत घालायचे. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी एवढं केलं की छोट्या बजेटलाही जीव येतो.

शून्यापासून

आणि फेसबुक-इन्स्टाची जाहिरात? तिथे तर "बूस्ट" दाबलं की झालं म्हणतात.

क्लिकमोज्या

बूस्टचं बटण सोपं आहे, पण नुसत्या लाइकवर घर चालत नाही. आणि मेटाचीच शिफारस अशी की जाहिरातीचं शिकणं, म्हणजे ती कुणाला दाखवायची हे त्यांच्या यंत्रणेला उमगणं, पूर्ण व्हायला आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती गोष्ट घडावी लागते, म्हणजे चौकशी, खरेदी, जे ठरवलं असेल ते. ज्याला महिन्याला दहा चौकश्या येतात त्याची जाहिरात कायम शाळेतच राहते. म्हणून छोट्याने आधी सर्च, म्हणजे गुगलच्या शोधातली जाहिरात, धरावं, असं माझं मत.

हिशेबनीस

वगळायचे शब्द, ठिकाणाचं सेटिंग, दर दोन दिवसांनी रिपोर्ट. हे सगळं कोण करणार? तोच एक माणूस. आणि जाहिरात थांबवली की दुसऱ्या दिवशी फोन थांबतात. रिव्ह्यू तसे थांबत नाहीत. स्थानिक शोधात कुणाला वर दाखवायचं हे ठरवताना गुगल तीन गोष्टी बघतं, असं ते स्वतःच सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन्हींवर पैसा न घालता काम करता येतं.

क्लिकमोज्या

मोठ्या रस्त्यावरच्या बाराव्या गीझरवाल्याने नावलौकिक होईस्तोवर काय करायचं? रिव्ह्यू जमायला आधी कामं लागतात, साहेब.

सवलतवाला

सोपं आहे. रिव्ह्यू टाका, पुढच्या बिलावर सूट घ्या. आमच्याकडे बोर्डच लावलाय.

हिशेबनीस

तो बोर्ड आजच काढा. पैसे, सूट किंवा भेटवस्तू देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश गिऱ्हाइकांना हेरून मागणंही नाही. रिव्ह्यू काढले जाऊ शकतात. सरळ मागा, सगळ्यांना मागा, काम संपून माणूस समोर उभा असताना मागा. "चांगला रिव्ह्यू द्या" म्हणू नका. "काय काम केलं ते दोन ओळीत लिहा" म्हणा. त्यात कामाचं नाव येतं आणि पुढच्या वाचणाऱ्याला ते उपयोगी पडतं.

सवलतवाला

सगळेच करतात हो. मग सूट ओळखीचं गिऱ्हाईक आणणाऱ्याला देतो. इंटरनेटवर फाइली साठवायला जागा देणारं ड्रॉपबॉक्स तसंच वाढलं ना? आणणारा आणि येणारा, दोघांनाही जास्तीची जागा फुकट.

हिशेबनीस

हे चालेल, पण ड्रॉपबॉक्सला ती जागा देण्याचा खर्च नगण्य होता. तुमची सूट थेट नफ्यातून जाते. आधी बघा, एका नव्या गिऱ्हाइकामागे पहिल्या कामात सुटतं किती. त्यापेक्षा सूट जास्त असेल तर तो माणूस परत येईल याची खात्री हवी.

म्यूट_केलेला

धंदेवाला नाही, गिऱ्हाईक आहे. वहीवाल्यांना एवढंच सांगतो की वर्षातून एकदा, माझ्या कामाचा मेसेज आला तर बरं वाटतं. तेच दर आठवड्याला "धमाका ऑफर" आली की मी ब्लॉक करतो. नंबर बिलासाठी दिलेला असतो.

क्लिकमोज्या

व्हॉट्सअ‍ॅपनेही तसंच बांधून ठेवलंय. एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांवर मारा केला तर तक्रारी वाढून नंबरच बंद होऊ शकतो. ज्या नंबरवर धंदा चालतो तोच. वहीसुद्धा फुकट नाही, हे हिशेबनीसांनी लिहिलं नाही.

हिशेबनीस

म्हणून तर ब्रॉडकास्ट नको म्हणतो. एकेकाला, त्याच्या तारखेला.

शून्यापासून

तुमच्या भांडणात मला एक कळलं नाही. काय चाललं हे ओळखायचं कसं? मी प्रत्येक नव्या माणसाला "कुठून कळलं?" विचारून लिहून ठेवतो. बहुतेक जण "गुगलवर" म्हणतात. म्हणजे गुगल जिंकलं?

सुईदोरा

माझ्याकडेही "गुगलवर"च म्हणतात. पण त्यांनी माझ्या दुकानाचं नाव टाइप केलेलं असतं. ते नाव आधी व्हिडिओत बघितलेलं, नाहीतर शेजारणीकडून ऐकलेलं.

क्लिकमोज्या

प्रोफाइलच्या परफॉर्मन्स भागात लोकांनी काय शोधलं ते दिसतं. शून्यापासून, तिथे तुमच्या दुकानाचं नाव वर आहे की कामाचं, ते बघून इथे टाका. कामाचं असेल तर श्रेय गुगलचं, नावाचं असेल तर सुईदोरा म्हणतात ते.

शून्यापासून

बघितलं. वरचे तिन्ही कामाचे, चौथं माझं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने.

हिशेबनीस

चुकीचं स्पेलिंग म्हणजे ऐकून शोधलंय. कुणाकडून, ते आता त्या माणसाला विचारा.